उलटी लावलेली पट्टी

टपाल कचेरीच्या मागच्या मोठ्या खोलीत एक रीत होती. ती कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नव्हती, आणि म्हणूनच सगळे ती पाळायचे. नियम मोडताना माणसाला गंमत वाटते, पण रीत मोडायला हात धजत नाही.

खोलीच्या भिंतींना छतापर्यंत लाकडी खण होते. एकेका घराला एकेक खण, आणि खणाखाली नावाची पट्टी. एखाद्या घरातलं एकटं माणूस गेलं, मागे कोणी उरलं नाही, की त्या वाटेवरचा पोस्टमन सकाळी टपाल लावण्याआधी ती पट्टी काढायचा आणि उलटी करून पुन्हा खोचायचा. अक्षरं डोक्यावर. माणसं मरतात, पण त्यांचं टपाल मरत नाही, ते येतच राहतं. उलट्या पट्टीच्या खणात काही टाकायचं नाही, सगळं परतीच्या पोत्यात. आणि एकदा उलटी केलेली पट्टी कोणी सुलटी करायची नाही. करणार तरी कशाला? गेलेलं माणूस थोडंच परत येणार आहे.

पट्टी उलटी झाली की खोलीतली कुजबुज थांबायची. कोणी 'अरेरे' म्हणायचं, कोणी टोपी काढायचं. आणि मागच्या कोंदट खोलीच्या दारात उभा राहून, छातीवर हात ठेवून बगळा म्हणायचा, "सुटला बिचारा."

बगळा म्हणजे परतीच्या पोत्याचा माणूस. लांब तंगड्या, रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट, म्हणून बगळा. तोंडावर सगळे त्याला भाऊ म्हणायचे. परतीचं काम कोणालाच नको असायचं. धूळ, अंधार, आणि दिवसभर मेलेल्यांच्या नावावर 'मयत' असा शिक्का मारत बसायचं. भाऊनं ते आपणहून मागून घेतलं होतं. कोणाला रजा हवी, कोणाचं पोतं जड आहे, कोणाच्या पोरीला ताप आहे, भाऊ हजर. नवीन माणसाला कामही तोच शिकवायचा. नाव ठेवणाऱ्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं, की बगळा एका पायावर उभा राहतो तो काही देवाचं नाव घ्यायला नव्हे.

मुंगीलाही काम त्यानंच शिकवलं होतं. मुंगी हे नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं. लहानपणापासून खाली मान घालून तुरुतुरु चालायची, म्हणून मुंगी. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. ते नाव कचेरीतही चिकटलं, कारण चालही तीच राहिली. खांद्याला पिशवी, नजर पायरीवर, एक दार झालं की दुसरं. वाटेत कोणाशी बोलणं नाही. टपाल वेळेवर पोचवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

तर झालं असं, की जुन्या पाणीटाकीमागच्या वाटेचा पोस्टमन सायकलवरून पडला आणि ती वाटही मुंगीच्या गळ्यात आली, तिच्या आपल्या वाटेवर भर म्हणून. त्या वाटेवर आत्याचं घर होतं. मुंगीला बरंच वाटलं, आता जाता जाता आत्याची भेट होईल. एरवी महिन्यातून एखादी चक्कर व्हायची, तीही घाईघाईत.

ती नव्या भिंतीपुढे उभी राहिली, गठ्ठा हातात घेतला आणि पट्ट्या वाचत वाचत पाणीटाकीच्या गल्लीपाशी आली. तिथे तिचा हात थांबला. आत्याची पट्टी उलटी होती.

ती पट्टीकडे बघत राहिली. डोक्यावर उभं असलेलं ते नाव तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. आत्या गेली. कधी गेली? कोणी कळवलं कसं नाही? मागच्या महिन्यात आपण गेलोच नव्हतो की काय? हातातला गठ्ठा तिनं तसाच फळीवर ठेवला आणि ती बाहेर पळाली. खोलीवर देखरेख करणारे मोठे बाबू मागून काहीतरी म्हणाले, ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

गल्लीतल्या दारावर तिनं दोन्ही हातांनी थापा मारल्या. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, आणि दार उघडून आत्या तिच्यावरच खेकसली.

"दार तोडतेस की काय? नवं कोण करून देणार, तुझा नवरा?"

मुंगीनं तिला मिठी मारली. हाडं हाताला लागली.

"हे काय? कोण मेलं?" आत्या म्हणाली.

"कोणी नाही. सहज आले."

"सहज येणाऱ्यातली तू नव्हेस. बस, चहा टाकते."

पण चहा मुंगीनंच टाकला, कारण आत्या उभ्या उभ्या भिंतीला टेकली होती. आत्याच्या डोळ्यांना आधीपासूनच कमी दिसायचं, पण जिभेला कधी गंज चढला नव्हता. आज तिचे शब्द ओले कपडे ओढल्यासारखे येत होते. हल्ली झोप फार येते म्हणाली, बसल्या बसल्या डोळा लागतो. वयच झालं आता.

"टपाल नीट येतं ना गं तुझं?" मुंगीनं जपून विचारलं.

"येतं म्हणजे काय, हातात येतं. तुमच्यातलाच एक जण दर मंगळवारी दुपारी आणून देतो. माझ्या गोळ्याही आणतो. बसतो, गप्पा मारतो. मागे नखं कापून दिली माझी." आत्यानं आपली बोटं पुढे केली. "तुम्हाला वेळ नसतो, त्याला असतो."

"आणि सही घेतो का तो?"

"ती तर करावीच लागते. टपाल हातात मिळावं म्हणून नवा कागद आलाय म्हणे. मला दिसत नाही, तर बोट धरून जागा दाखवतो बिचारा."

"नाव काय त्याचं?"

"मी बाळ म्हणते. उंच आहे, एवढं कळतं. मनानं फार मऊ गं. समोरची म्हातारी गेली असं मी सांगितलं, तर हा छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, सुटली बिचारी."

मुंगीनं कप बशीत ठेवला. तिनं गोळ्यांचा डबा उघडला. गोळ्या होत्या, पण वेष्टनाबाहेर काढून ठेवलेल्या, सुट्या. कशाच्या, ते देव जाणे. तिनं त्या रुमालात बांधल्या, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आत्याच्या नेहमीच्या गोळ्या आणल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. आत्याला सांगितलं, जुन्यांची मुदत संपली होती.

आता हे सांगायचं कोणाला? मोठे बाबू दुपारचा डबा बगळ्याबरोबर खायचे. खोलीत असा एक माणूस नव्हता, ज्याच्यावर भाऊचे उपकार नव्हते. तिच्यावरही होतेच की. राहता राहिली वरच्या मजल्यावरची तपासनीस बाई. ती अलीकडेच मुख्य कचेरीतून आली होती, आणि कोण उशिरा येतं ते बघायला पाठवलीय असं म्हणून सगळे तिला टाळायचे. ठेंगणीशी, कायम सर्दीनं बेजार, नाकाला रुमाल.

तिनं मुंगीचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"मी उशिरा येणाऱ्यांसाठी आलेले नाही," ती म्हणाली. "ह्या गावात घरं विकली जातायत, आणि मालकांना पत्ता नाही. घर दुसऱ्याच्या नावावर करायचं झालं, की घरांच्या नोंदी ठेवणारी कचेरी जुन्या मालकाला पत्र पाठवते, की बाबा, काही हरकत आहे का? उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरतात. ही पत्रं मालकापर्यंत पोचतच नाहीत, एवढं मला कळलं होतं. कुठे अडतात ते कळत नव्हतं."

"पट्टीशी अडतात," मुंगी म्हणाली. "वाटा बदलतात, माणसं बदलतात. नव्या माणसानं उलटी पट्टी बघितली की तो विचारत नाही. आम्ही कोणीच विचारत नाही."

"म्हणजे तो एकट्या माणसाची पट्टी उलटी करतो, मग टपाल आपोआप त्याच्याच खोलीत जातं. हवं ते ठेवतो, हवं ते घेऊन त्या माणसाकडे देवदूत बनून जातो आणि सह्या घेतो." बाईंना शिंक आली. "तुमच्या आत्या कागदोपत्री मेल्याच आहेत. आता फक्त खरोखर मरायच्या राहिल्यात."

"शुभ बोला हो बाई."

"ह्या गोळ्या मी तपासायला देते. पण त्या पट्टीला हात लावू नका. सुलटी केलीत तर त्याला कळेल, आणि कागद घेऊन तो नाहीसा होईल. मंगळवारी तो घरी येईल तेव्हा मी आतल्या खोलीत असेन."

"मी आत्याला माझ्याकडे नेते."

"घराला कुलूप दिसलं तर तो येईल का?"

मुंगीच्या जिवावर आलं होतं, पण बाईंचं चुकत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मंगळवारपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. काम संपलं की ती आत्याकडे जायची, डब्यातल्या गोळ्या बघायची, कडी लावून घ्यायला सांगायची. बाळाचं मात्र तिनं काही सांगितलं नाही, आत्याच्या जिभेवरून ते त्याच्यापर्यंत पोचलं असतं. आत्याची जीभ हळूहळू पुन्हा धारदार होत होती. आणि सकाळी त्याच खोलीत, मागच्या दाराकडे पाठ करून टपाल लावायचं. पाठीला डोळे नसतात हे तिला पहिल्यांदाच खटकलं. मागे शिक्का ठक ठक वाजत राहायचा. तो थांबला की तिच्याही हातातलं पत्र थांबायचं.

एकदा बगळा सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. तिचा कप त्यानं स्वतःच्या हातानं पुढे केला.

"मुंगे, हात का थरथरतोय?"

"कणकण आहे, भाऊ."

"च्च. जिवाला जप. माणसाचं काही खरं नसतं." तो तिच्याकडे बघत राहिला. "पाणीटाकीची वाट तुझ्याकडे आली म्हणे. तिकडे कोणी आहे का तुझं?"

"नाही," मुंगी म्हणाली. हे खोटं तिच्या तोंडून इतक्या पटकन आलं, की ते खोटं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तो चहा तिनं खिडकीतल्या कुंडीत ओतला. झाडाला काही झालं नाही, पण ती मात्र रोज सकाळी आल्या आल्या आधी ते झाड बघायची.

सोमवारी झाड हिरवंगार होतं. ती आपल्या जुन्या वाटेच्या भिंतीपाशी गेली. तिचं स्वतःचं घर त्याच भिंतीवर होतं. रोजच्या सवयीनं तिनं पहिला गठ्ठा सोडला, दोनचार खण भरले, आणि मग तिला दिसलं. तिच्या घराची पट्टी उलटी होती.

कोणी बघितलं नव्हतं. सगळे आपापल्या भिंतीला तोंड करून उभे होते. तिनं मागे वळून बघितलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, खुर्ची रिकामी होती, खुंटीवरची पिशवी नव्हती. शिक्का वाजत नव्हता, हेही तिच्या आत्ता लक्षात आलं.

"बाबू, भाऊ कुठे आहेत?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय त्यानं," मोठे बाबू म्हणाले. "त्याची कोणी आत्या आहे म्हणे, आजारी. आजउद्या सुटेल बिचारी असं म्हणत होता."

मुंगी धावतच वर गेली. तपासनीस बाईंच्या दाराला कुलूप. फोन लावला तर त्या पोलीस चौकीत. "आजच गेलाय तो," एवढंच ती म्हणाली, "तुम्ही या, मी निघाले." पलीकडून बाई "एकट्या जाऊ नका" म्हणाल्या, पण तेव्हा मुंगी रस्त्यावर पोचली होती. खांद्याची पिशवी तशीच खांद्यावर होती.

आत्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलाशी आत्या बसली होती, शेजारच्या खुर्चीत बगळा. टेबलावर एक कागद, दुधाचा पेला, आणि आत्याच्या उघड्या तळहातावर मूठभर गोळ्या. कडी लावून घे म्हणून इतकं सांगितलं होतं. पण बाळाला कोण दाराबाहेर ठेवतं?

"ये मुंगे," बगळा शांतपणे म्हणाला. "बस. आपली एकच आत्या निघाली बघ."

"अगं, हा आज सोमवारीच आला," आत्या खुशीत होती. "नव्या गोळ्या आणल्यात. एकदम घ्यायच्या आणि एक शेवटची सही द्यायची, मग पुन्हा त्रास नाही म्हणतो."

ओरडावं तर तो दोन ढांगांत आत्यापाशी. गोळ्या हिसकाव्यात तर टेबल मध्ये. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिनं आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. पिशवीत हात घातला. त्यात दुसऱ्याच कोणाचं रजिस्टर पाकीट होतं. त्यावरच्या नावावर अंगठा दाबून ते तिनं बाहेर काढलं, बरोबर सहीची वही.

"आत्याबाई, रजिस्टर आहे तुमचं," ती म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं. "हात मोकळा करा. गोळ्या पेल्याशेजारी ठेवा."

"'तुम्ही' काय म्हणतेस मला? वेड लागलं का?"

"नियम आहे. आधी सही, मग बाकीचं."

आणि बगळा गप्प बसला. त्यानंच तर तिला शिकवलं होतं, अगदी पहिल्या आठवड्यात: रजिस्टर हातात असताना घराला आग लागली तरी आधी सही. दुसऱ्याचं रजिस्टर चाललं असेल तर मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही. सारा जन्म त्यानं ते पाळलं होतं. माणूस नियत बदलतो, सवय बदलत नाही. तो खुर्ची मागे सरकवून चक्क अदबीनं बसला.

आत्यानं गोळ्या खाली ठेवल्या. मुंगीनं तिला सबंध नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, घर कुठलं ते विचारलं. आत्या चिडून उत्तरं देत होती. मुंगी एकेक अक्षर लिहीत होती, सावकाश, आणि कान बाहेर लावले होते. बाहेर कोणी येत नव्हतं. लिहिण्यासारखं सगळं संपत आलं.

"यांना दिसत नाही," ती शेवटी बगळ्याला म्हणाली. "सहीखाली साक्षीदार लागतो. भाऊ, तुम्ही आहातच. लिहा ना."

तिनं वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं खिशातलं पेन काढलं. हात वहीकडे असा गेला, जसा तो रोज हजारदा गेला असेल, आणि गोल, सुबक अक्षरात त्यानं लिहिलं: प्राप्तकर्ती समक्ष हजर. पुढचा शब्द 'हयात' असा असतो. 'ह' लिहून पेन थांबलं.

बगळ्यानं आपल्याच अक्षराकडे बघितलं. मग मुंगीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या तोंडावर कसलाही मऊपणा दिसला नाही.

"हुशार झालीस, मुंगे." तो उठला. आधी त्यानं टेबलावरचा सहीचा कागद उचलून घडी केला, मग दारापाशी जाऊन आतून कडी घातली. "सुटली असती गं बिचारी. शांतपणे, झोपेत. कोणाला नको असलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?"

"आत्या, त्या गोळ्यांना हात लावू नकोस," मुंगी म्हणाली. ती आत्याच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, नुसती पिशवी होती, ती तिनं पोटाशी धरली.

"का गं? काय चाललंय तुमचं?" आत्याचा आवाज बारीक झाला.

बगळा एक पाऊल पुढे आला. आणि बंद दाराबाहेर कोणीतरी शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग कडी जोरात हादरली आणि पुरुषी आवाज म्हणाला, "दार उघडा. पोलीस."

बगळा छातीवर हात ठेवून उभा राहिला, नेहमीसारखा.

पोलीस त्याला घेऊन गेले. गोळ्या बाईंनी पुडीत बांधून नेल्या होत्या. झोपेच्या होत्या, सगळ्या एकदम घेतल्या असत्या तर पुन्हा जाग आली नसती, हे मुंगीनं तिला सांगितलं.

"तू महिन्यातून एकदा यायचीस," आत्या म्हणाली. "तो दर मंगळवारी यायचा."

"आत्या, तो तुला मारणार होता."

"कळलं मला. आंधळी आहे, खुळी नाही. पण नखं कोण कापतं गं दुसऱ्याची?"

मुंगी तिला माझ्याकडे राहायला चल म्हणाली, तर आत्यानं साफ नकार दिला. माझ्या घरासाठी एवढं रामायण झालं, ते सोडून कशाला येऊ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या खोलीत टपाल लागलं नाही. तपासनीस बाईंनी सांगितलं, की भिंतीवरची एकूण एक उलटी पट्टी काढायची आणि त्या दारावर जाऊन बघायचं, माणूस खरंच गेलंय का. सगळे भिंतीला तोंड करून उभे राहिले. एवढी माणसं, पण पहिली पट्टी काढायला कोणाचा हात होईना. मोठे बाबू तर चक्क रडले. मग मुंगीनं आत्याची पट्टी काढली, सुलटी केली आणि दाबून बसवली. स्वतःची तिनं नंतर केली.

काही दारं उघडली. एका घरात छापखान्यातला जुना कामगार निघाला. जगानं आपल्याला टाकलं असं समजून तो बसला होता. टपालाचा गठ्ठा तो उलटसुलट करून बघत राहिला. बरीच दारं खरोखरच मेलेल्यांची होती, आणि तिथे पोस्टातल्यांना बरं वाटलं. मेल्याचं ऐकून बरं वाटावं, अशी वेळ आली होती.

मुंगीकडे शेवटची पट्टी राहिली होती, एका घड्याळवाल्या आजोबांची. दुसऱ्या मजल्यावरचं घर. उन्हाळ्यात ती वाट तिच्याकडे होती तेव्हाही ही पट्टी उलटीच होती. तिनं दार वाजवलं. उघडलं शेजारचं.

"ते गेले की," शेजारीण म्हणाली. "थंडीत."

मुंगीचा हात दारावरच राहिला. "थंडीत? की त्याच्या आधी?"

"थंडीत म्हणजे थंडीतच. पांघरूण मीच दिलं होतं ना त्यांना. एकटा जीव. पण नशीब बघा, शेवटी शेवटी तुमच्या पोस्टातलाच एक भला माणूस यायचा, त्यानं सगळं उरकलं." ती थोडी हसली. "त्याच्या आधी उन्हाळाभर खिडकीत बसून असायचे, मुलाच्या पत्राची वाट बघत. म्हणायचे, ती पोस्टवाली रोज खालून जाते, पण काय करावं, मान वर करून बघतच नाही."

मुंगी जिना उतरली. खाली येऊन तिनं वर बघितलं. खिडकी बंद होती. उन्हाळ्यात त्या नावाची पत्रं आली होती, जाड, दूरच्या तिकिटाची. ती तिनं परतीच्या पोत्यात टाकली होती. आदरानं, टोपी काढून.

ती कचेरीत गेली नाही. पाणीटाकीमागच्या गल्लीत गेली, प्रत्येक घराच्या खिडक्यांकडे बघत. आत्याचं दार वाजवलं. आतून ओ आली नाही. पुन्हा वाजवलं. काल तर बरी होती. गोळ्या सगळ्या नेल्या होत्या ना? सगळ्या? एखादी उशीखाली राहिली असली तर? तिनं दाराला कान लावला आणि श्वास धरून उभी राहिली.

मग खूप आत, चपला फरफटल्याचा आवाज आला.

"आले, आले," आत्या म्हणत होती. "मेले नाही मी अजून."

कडी निघेपर्यंत मुंगी कपाळ दाराला टेकून उभी होती. आज तिनं नखं कापायला नेलकटर बरोबर आणला होता.